तिला कळंल ते पुस्तक

बिरोबाच्या नावानं चांगभलं

वाडी, ता. उमरगा, जि. धाराशिव
ता. २२ एप्रिल २०२५, मंगळवार

चिरंजीव दैवशाला हिला सासू सखूबाईचा आशीर्वाद. आमी इकडं समदे धडधाकट हाव, तू बी तिकडं सोलापुरात तशीच असशील असं धरून चालते. तुमचे उपासाचे दिवस असत्यात ना ह्या टायमाला, ते आता सुटले असतील. पोटभर जेवत जा.

अक्षर बघून दचकू नकोस. हे तुझ्या दिरानं लिहून दिल्यालं न्हाय, माझ्या हातचं हाय. मार्चात शाळेत साक्षरतेची परीक्षा झाली, तिच्यात तुझी आत्याबाई पास झाली, सदुसष्टाव्या वर्षी. लहानपणी दुसरीपातूर शाळा बघितली होती, मग मेंढरामागं गेले ती गेलेच. आपली शेजारीण नागम्मा माझ्या म्होरच्या बाकावर, ती सारखी मागं वळून माझ्या पेपरात बघायची. मास्तर म्हणाले, "नागम्मा, म्होरं बघा, न्हायतर मान तशीच राहील." ती म्हणती, "राहू द्या मास्तर, पास झाले म्हंजे झालं." समदा वर्ग हसला. पास झाल्याचा कागद आला तवा समृद्धीनं तो भिंतीला चिटकवला, मल्हारच्या फोटोच्या खाली. म्या म्हणलं, "वर लाव की गं, बापाच्या बरोबरीनं." तर मलाच म्हणती, "वर लावल्यावर तुला वाचता यील का आज्जे?"

लई खुशीत हाय म्या. खरंच. मल्हार गेल्यापास्नं एवढी खुशी ह्या घरात आली नव्हती.

काळ्या शेळीला दोन पाटी झाल्या. समृद्धी पळण्याच्या शर्यतीत केंद्रात पैली आली, उमरग्याची पोरं मागं टाकली तिनं. भाकरी आता गोल करती. केस लई वाढल्यात, दोन येण्या घालते म्या. तुझ्यासारखेच हायेत केस, ते काय कुणाला बदलता येतंय.

आता तुझ्या पुस्तकाचं लिहिते. पार्सल संक्रांतीच्या आठवड्यात पोचलं. आत दोन पुस्तकं अन् तुझी चिठ्ठी. चिठ्ठी म्या इतक्यांदा वाचली की पाठ झाली. तू लिहिलंस, आत्याबाई, दोन्ही बायबलच हायेत. काळं हाय ते जुन्या मराठीतलं, आमच्या मंडळीतली म्हातारी माणसं ते वाचत्यात. निळं हाय ते आताच्या सोप्या मराठीतलं. तुमी आता वाचाय शिकलाव, दोन्हीतलं पान पान वाचून बघा अन् समृद्धीला जे कळंल ते तिला द्या. तिनं सकाळी एकटीनं एक पान वाचावं, कळलं ते वहीत लिहावं. मी जे धरलंय ते काय हाय हे तिला आधी कळू दे. मे महिन्यात मी येते. तिला माझ्याकडं यावं वाटलं तर इथल्या शाळेत घालीन, न्हाय वाटलं तर एकटी माघारी जाईन. जबरदस्ती न्हाय.

एवढा भरवसा कुणी सासूवर टाकतं का गं? नागम्माला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून बघत राहिली.

मग म्या वाचाय बसले. आधी काळं घेतलं. बाई बाई! वाक्य एका पानावर चालू हुतंय अन् दुसऱ्या पानावर जाऊन टेकतंय. मधी दम घ्यायची जागा न्हाय. शब्द असे की कीर्तनकाराला बी घाम फुटावा. एका पानाला माझी अख्खी दुपार गेली, अन् शेवटाला आले तवा सुरवात काय होती ते इसरले.

मग निळं उघडलं. ते आपलं चुलीपाशी बसून कुणी बोलल्यावानी. म्या मोठ्यानं वाचाय लागले तर तुझे मामंजी घोंगडं उशाला घेऊन ऐकत पडले. ह्याला तो झाला, त्याला तो झाला, अशी पानभर नावं आली. म्या म्हणलं हे सोडू, तर म्हणत्यात, "सोडू नको. हेळवी येतोय ना बैलावर बसून आपली पिढी सांगाय, तसंच हाय हे. नावं सोडली तर शाप लागतोय." मग समदी नावं वाचली. त्यांना एक बी कळलं नसंल, पण मान हलवत होते.

दुसऱ्या दिशी मेंढराचं निघालं.

"शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर नव्व्याण्णव रानात सोडून गडी ते हुडकाय गेला," म्या वाचलं.

"कोण म्हणतंय?"

"हितं लिवलंय."

"मग लिवणाऱ्यानं मेंढरं राखल्याली न्हाईत. तो माघारी येस्तवर लांडग्यानं पंगत उठवली असंल."

झालं, पालथे होऊन झोपले. अन् संध्याकाळी मेंढरं आत घालता घालता मला इचारत्यात, "ते घावलं का गं त्याचं?"

असं हाय निळं पुस्तक. तू इचारलं होतंस कुठलं चांगलं, तर डोळं झाकून निळं. ज्याला जवळ बसून समजावून सांगणारं कुणी न्हाय, एकट्यानंच वाचायचंय, त्यानं निळंच घ्यावं. काळ्याच्या वाटंला जाऊ ने. हे म्या दोन्ही वाचून सांगते, ऐकीव न्हाय.

समृद्धीला म्या काळं दिलं.

निळं पत्र्याच्या पेटीत हाय, मल्हारच्या कपड्याखाली. ती शाळेला गेली की काढते, यायच्या आत ठिवते. तिला ठाऊक न्हाय की पार्सलात दोन होती.

पोरगी लई गुणाची. एक दिस चुकवला न्हाय तिनं. सकाळी तोंड धुवून वट्यावर बसायची, काळं पुस्तक मांडीवर, बोट ओळीखाली. पैल्या आठवड्यात वहीत अर्धं अर्धं पान लिहायची. मग दोन ओळी. मग नुसती तारीख अन् खाली 'समजले नाही'. म्होरं समदी पानं तशीच हायेत, तू बघशीलच. अक्षर मात्र सुरेख, शाळेत तिच्या अक्षराचं नाव हाय.

एकदा वही मिटून मला म्हणती, "आज्जे, आईला मला कळंल असं पुस्तक घावलं न्हाय का?"

म्या भाकरी थापत होते. म्या म्हणलं, "तू कितवीत हायेस ते तिला ठाऊक नसंल गं."

तिनं वहीचं पैलं पान उघडलं अन् त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, समृद्धी मल्हार, इयत्ता पाचवी. खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या. म्हणली, "आता आईला दिसंल."

ते ऐकून तुझे मामंजी मला म्हणाले, "अगं, पोरीला निळं दे."

"तुमी मेंढराचं बघा," म्या म्हणलं.

"मेंढराचंच बघतोय," म्हणाले. त्या दिसापास्नं ते दुपारी घरात थांबत न्हाईत. रानात बाभळीखाली जाऊन बसत्यात. आता म्या माझी एकटीच वाचते, मनात.

तुला वाटत असंल, आत्याबाईला माझ्या देवाचा राग. देवाचा राग न्हाय गं. निळं वाचून तर न्हायच न्हाय, तो माणूस मला आवडतोय, रोग्याजवळ जातोय, कुणाला भायेर उभं करत न्हाय. मला भायेर तू उभं केलंस.

मल्हारची कावीळ डोस्क्यात गेली होती, तुला ते सांगाय नको. म्या देवावरनं भंडारा आणला होता, अनवाणी जाऊन. दवाखान्यात काचंच्या दारापाशी तू मला अडवलंस. "आत्याबाई, इथं भंडारा चालत न्हाय, डॉक्टर रागावतेत." बरं म्हणून थांबले. अन् काचंतनं बघते तर ती तुमची नर्सबाई आत, माझ्या लेकाच्या कपाळावर हात ठिवून, डोळं मिटून पुटपुटती, अन् तू तिच्या बाजूला हात जोडून उभी. तिचा देव आत, माझा भायेर. माझी मूठ घामानं भिजली, हळद मनगटापातूर आली. तो गेला तवा बी म्या काचंच्या अलीकडंच होते. तू मुद्दाम केलं न्हाईस, डॉक्टरनं सांगितलं म्हणून केलंस. हे मला तवा बी कळत होतं, आता बी कळतंय. कळून काय हुतंय?

त्याच नर्सबाईच्या ओळखीनं तू दोन वर्साखाली सोलापूरला कामाला गेलीस. पोरगी माझ्या पदरात टाकलीस अन् म्हणलीस, जम बसला की नेते. तुझा जम बसला म्हणून तू नेणार. अन् माझा जम? तो कुणी इचारावा?

पाडव्याला समदे जेवाय बसलो होतो. पुरणपोळी होती. तुझ्या दिरानं, वैजनाथानं, पोरीला इचारलं, "काय गं, मे महिन्यात आई येणार हाय, जाणार का तिच्यासंगं?"

ती म्हणली, "न्हाय काका. आईचं मला काय कळत न्हाय."

हे म्या शिकवल्यालं न्हाय. बिरोबाची आण. तिचं तिनं काढलं. म्या तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली, वर तूप वतलं. तुझे मामंजी ताटावरनं उठून गेले. जाऊ द्या म्हणलं.

हे समदं म्या झाकून ठिवलं असतं तर तुला कधी कळलं नसतं. पण आता लिहाय येतंय, तर पैल्याच पत्रात खोटं कशाला लिहू. अन् दुसरं असं की, तुला कळलेलं बरं. तू वही बघशील, मेमधी येशील, पोरीला इचारशील निळं कुठाय. तिला समदं कळंल. मग तिची आई तिला कळत नव्हती, ते फिटंल. पण तिची आज्जी खोटी निघंल. तिला भाकरी शिकवल्याली, येण्या घातल्याली, तापात तिला मांडीवर घेऊन बसल्याली आज्जी. बाप न्हाय, आई दोन वर्स न्हाय, उरली एक म्हातारी ती लबाड. हे घेऊन ती तुझ्यासंगं सोलापूरला यील. येऊ दे. शाळेत पैला नंबर बी आणंल. पण परत कुणाच्या मांडीवर टेकणार न्हाय.

परवा निळ्यात एक गोष्ट वाचली. तुला ठाऊक असंल. दोन बाया, एक लेकरू, दोघी म्हणत्यात माझं. राजा म्हणतो तलवार आणा, दोन तुकडे करा, अर्धं अर्धं वाटून द्या. खरं सांगू, ही गोष्ट म्या आधी काळ्यात वाचली होती, तवा मला त्यातलं एवढंच उमगलं की राजानं लेकरू कापलं. आठ दिस पुस्तकाला हात लावला न्हाय. म्हणलं असला कसला देव ह्यांचा. निळ्यात वाचली तवा उलगडलं की कापलं न्हाय. एक बाई म्हणली, कापा, तिला बी नको मला बी नको. दुसरी म्हणली, कापू नका, जित्तं राहू द्या, तिलाच देऊन टाका. राजानं वळखलं की ही खरी आई.

म्या त्याच्यावर लई इचार केला. मेंढरं चरत होती, म्या बांधावर बसून इचार केला. तुझ्या अन् माझ्यात ती कापा म्हणणारी कोण, ते मला कळलंय. ते म्या हे पत्र लिहून सांगितलंच हाय.

आता तू सांग. तू तिची खरी आई हायेस ना?

मग येऊ नकोस.

राजानं शेवटी लेकरू खऱ्या आईच्याच हातात दिलं, ते बी वाचलंय म्या, न्हाय वाचलं असं न्हाय. पण आपल्या वाडीवर राजा न्हाय गं दैवशाला.

काळं पुस्तक अन् वही ह्या पत्रासंगं पाठवते. निळं ठिवून घेतलंय, माझं अजून निम्मं राहिलंय. शाळा सुटायची येळ झाली, पोरगी यील, पाकीट चिटकवते. तब्येतीला जप.

तुझी म्हणून सही करत न्हाय.

समृद्धीची,
सखूबाई