खांबाले हात

रविवार संध्याकाळ, फिरून आल्यावर

खोटं काहून बोलली मी आज? थकली होती, तर तसं सांगता आलं असतं.

छत्री तलावावरची आमची फेरी वीस वर्षांची. बगीच्यातून पाळीवर जायचं, टोकाच्या जुन्या दगडी खांबाले हात लावायचा, न् परतायचं. त्याशिवाय फेरी झाली असं हे मानतच नाहीत. यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा गेलो, तर पाळ चढतानाच यांचा पाय थांबला. बाकावर टेकले न् म्हणाले, "तू जाऊन ये. माह्या वाटचा बी हात लावजो."

निघाली मी. पण दवाखान्याची दोन महिन्यांची धावपळ जशी माह्या पायातच उतरली होती. खांब समोर दिसत होता, तरी जाववेना. अर्ध्या वाटेत तलावाच्या पाण्यात हात बुडवून बसली, न् परतली.

"लावला?"

"लावला, दोघांचा बी."

यांनी माझा हात आपल्या गालाले लावला. उन्हानं तापलेला तो दगड अंधार पडेपर्यंत गरम असते, हे मले आत्ता आठवून राहिलं. यांले तेव्हाच आठवलं असेल.

"आज लवकर थंडा झाला खांब," म्हणाले. मग तोच हात धरून उठले.

"चाल. झाली आपली फेरी."