अर्धवट राहिलेला वाद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त परिचारिका, तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकांची पत्नी, आता विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलाला व सुनेला समान हिश्शाने द्यावे. सुनेचे नाव मुद्दाम घातले आहे. उद्या भांडण झालेच, तर "माझ्या घरातून नीघ" असे कोणी कोणाला म्हणू शकू नये.

२. चाकांची खुर्ची माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, अर्धांगवायू झाला तेव्हा दीर म्हणाले होते, "वहिनी, दादा आता तुमच्या मुठीत." खुर्चीला तेलपाणी केलेले आहे. ढकलायला कोण मिळते, ते त्यांनी पाहावे.

३. ह्यांची सर्व पुस्तके ह्यांच्या विद्यार्थिनीला द्यावीत. याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

लग्न झाल्यापासून आमचा एकच वाद. ह्यांचे म्हणणे, नीती काही आकाशातून पडलेली नाही. बळी तो कान पिळी हा मूळ नियम. ज्यांचे कान पिळले गेले, त्यांनी दयेला सद्गुण ठरवून बळवंतांना वेसण घातली. मी वॉर्डातून दमून यायची आणि भांडी घासता घासता विचारायची, "तान्हं रडलं की आईला पान्हा फुटतो. तिथं कोण कोणाला वेसण घालतं?"

"तान्हंच घालतं," हे म्हणायचे. मग हसणे, आणि पुन्हा भांडण.

ते अंथरुणाला खिळले आणि मी भांडणे सोडले. एकदा अंग पुसताना जडावलेल्या जिभेने म्हणाले, "दया म्हणजे दुबळ्यांची लबाडी."

मी म्हटले, "हो, बरोबर आहे तुमचं."

"इतका गेलो का गं मी?" म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केले.

ही विद्यार्थिनी दर रविवारी यायची. आजारी म्हणून काडीची सवलत द्यायची नाही. "सर, पटत नाही. दुबळ्यांनी घातलेली वेसण बळवंतांनी घालून का घेतली?" हे चिडायचे, घामाघूम व्हायचे, आणि त्या रात्री पोटभर जेवायचे. एका रविवारी मी तिला दारातूनच परत पाठवले. "त्यांना त्रास होतो," असे सांगितले. खरे तर माझ्याखेरीज दुसरे कोणी त्यांना उठवून बसवते, हे मला सोसवत नव्हते. दीर अगदीच खोटे बोलले नव्हते. पुढच्या रविवारी हे दाराकडे पाहत राहिले. विचारले मात्र नाही. त्यानंतर फार जगले नाहीत.

४. बँकेतील शिल्लक, ह्यांना उचलायला येणाऱ्या मावशींच्या पाठीच्या उपचारासाठी द्यावी.

५. मुला, सूनबाई, मी अंथरुणाला खिळले तर चादर बदलायला उशीर झाला तरी चालेल. पण मी काही चुकीचे बोलले, तर "हो आई" म्हणून खोलीबाहेर जाऊ नका. खुर्ची ओढून बसा आणि "तुझं चुकतंय" असे तोंडावर सांगा.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

ठिकाण : राहते घर, मागील खोली
दिनांक : ९ मार्च २०१९

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार :
१. (सही) खालच्या मजल्यावरील औषध दुकानदार
२. (सही) वॉर्डातील जुनी सहकारी, निवृत्त परिचारिका