हौदातल्या माशांसाठी तांदुळजा

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही देवाघरी. तरी लिहिते आहे. आज दुपारी बोर्डिंगच्या सगळ्या मुलींच्या ताटात आपल्या हौदातला मासा पडला, आणि घरी आल्यावर हे ऐकायला तुम्ही नव्हता.

लढाईमुळे धान्य मिळेना, तेव्हा विहिरीजवळच्या हौदात मासे वाढवायचं शाळेनं ठरवलं. मी तिथली मास्तरीण, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. भीमेतली बोटभर पिलं आणली. कोंडा नि शेंगदाण्याची पेंड घालत होते. दोन महिने बरे गेले. मग मासे खाईनात. कल्ले फिके पडले, पोहायच्या परांच्या कडा झिजून लाल झाल्या, काहींची पाठ वाकली. रोज सकाळी दोन-चार मेलेले तरंगायचे. मी पाणी बदललं, पेंड वाढवली. काही उपयोग झाला नाही.

तुम्ही काठावर बसून बघत होता. म्हणालात, “शांता, नुसत्या भाकरीवर मानूस टिकत न्हाई. ह्यांना हिरवं काय घालतीस का न्हाई?”

मुली भोवती होत्या. मी फटकन बोलले, “तुम्हाला शाळेतलं काय कळतं? घरी जा.”

त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहून मुलींकडून घोकून घेतलं होतं की पालेभाज्यांत जीवनसत्त्वे असतात. ती माशालाही लागत असतील, हे मला का सुचू नये?

तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी परसातला तांदुळजा नि राजगिरा घेऊन आलात. मी शिजवायला निघाले, तर म्हणालात, “शिजवू नगं. सत निघून जातं.” मग कच्चाच पाला पाट्यावर वाटून कोंड्यात मळलात. दोन दिवस माशांनी तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी एक वर आला, मागून दुसरा. वाकलेल्या पाठी वाकड्याच राहिल्या, पण महिन्याभरात मरणं थांबलं.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. उन्हाळ्यात वाफा सुकायला लागला, तेव्हा तुम्ही स्वतः भाजी खायची सोडलीत. मी विचारलं, की म्हणायचात, “तोंडाला चव न्हाई.” पाला माशांसाठी राखत होता, हे तुम्ही तापात गेल्यावर शेजारणीकडून कळलं. मला का नाही सांगितलंत?

आज तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “बाई, ही युक्ती कुठल्या पुस्तकातली?”

“पुस्तकातली नाही. माझ्या सासूबाईंची,” मी म्हणाले. “सगुणाबाई.” त्यांनी नाव लिहून घेतलं. मुली ऐकत होत्या.

एक काम राहिलं आहे. तुम्ही गेल्याचं पलटणीत ह्यांना मी अजून कळवलेलं नाही. महिना झाला, हात धजत नाही. उद्याच्या टपालानं कळवते, हा माझा शब्द. आई शेवटी शेवटी कशात रमली होती, तेही सगळं लिहीन. एवढ्या लांब एकट्या माणसाला नुसती मरणाची बातमी कशी पाठवू?

तुमची सून,
शांता