दहावे वाक्य

५ फेब्रु. २००७, क्रॉयडन
या नोंदींतून एवढेच सिद्ध करावयाचे आहे : माझी मुलगी वसुधा (पुढे व.) हिने सोलला जाण्याचे ठरवलेले नाही. बेसिंगस्टोकच्या तिच्या कंपनीने तिकडची दोन वर्षांची नेमणूक देऊ केली आहे, आणि ती दर गुरुवारी कोरियन शिकावयास जाते. या दोहोंवरून तिसरे निष्पन्न होत नाही. ती गेल्यास मला पुण्यास, धाकट्या भावाच्या दारी राहावे लागेल. हे पुराव्यात धरलेले नाही.

९ फेब्रु.
जेवणानंतर पाठ घेतला. शाळेत असताना वही मी धरीत असे, ती म्हणून दाखवी, तीच पद्धत. धडा : निश्चय कसा सांगावा. सिगरेट सोडायचे ठरवले. रोज चालायचे ठरवले. प्रत्येकाचा शेवट 'गिरो हेस्सोयो', म्हणजे 'करायचे ठरवले'. व.ने जन्मात सिगरेट ओढलेली नाही. नऊ वाक्ये पुस्तकातली, दहावे स्वतःच्या मनाचे. ते कोरे, खोडरबराच्या खुणा मात्र बऱ्याच.
"हे का नाही?"
"सुचलं नाही, बाबा."
मुद्दा माझ्या बाजूचा.

११ फेब्रु.
व. म्हणाली, कोरियन शिकवणाऱ्या हानबाई सांगतात, असे वाक्य बहुधा आपसांत बोलून ठरल्यावर वापरावे. मी म्हणालो, अगदी योग्य. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. या घरात ठराव आला कधी?
"नाशिक सोडायचा ठराव आला होता का? सूचक तुम्ही, अनुमोदक तुम्ही. आईला कळलं ते ट्रक दारात लागल्यावर."
हा व्यक्तीवरचा हल्ला आहे, उत्तर नव्हे. तसे सुनावले.
"बरोबर. कॉलेजात म्हणायचेच, लघाटे सर वादात हरत नाहीत. घरी कोणी वादच घालत नव्हतं."
भांडी आपटून विसळली.

१४ फेब्रु.
दुपारी तिच्या साहेबाचा, मार्टिनचा, फोन. तिचा मोबाइल लागेना म्हणून घरी केला. शुक्रवारी होकार वा नकार हवा. मी म्हणालो, आम्ही घरात ठरवले आहे, ती सोलला जाणार नाही. निष्कर्ष तोच निघतो. व.ला सांगितले नाही.

१६ फेब्रु.
कोट न काढता समोर बसली.
"मार्टिनला काय सांगितलंत?"
"जे होते ते."
"मी आज नाही म्हणायलाच गेले होते. तुमचा गुडघा, काकांकडचे तीन जिने. आठवडाभर तेच लिहीत होते अन् खोडत होते. तोंड उघडायच्या आत तो हसून म्हणाला, वडिलांनी कळवलंय. एक्केचाळीस वर्षांची आहे मी."
"मग तू काय म्हणालीस?"
"हो म्हणाले."
जागा दुसऱ्या कोणास देऊ केली होती, सोमवारी कळवतील. तिने एवढेच सांगितले, तेही दाराकडे पाहून.

१७ फेब्रु.
वही टेबलावर आहे. दहावी ओळ भरलेली, शाईने. लिपी मला लागत नाही. शेवट तेवढा ओळखला. आज तिने पाठ दिला नाही, मी मागितला नाही.
५ तारखेचे विधान त्या दिवशी खरे होते. त्यावरून माघार नाही. ते खोटे पाडण्यास तिला धडा पुरला नसता, हानबाईही पुरल्या नसत्या.
चूक एक, माझी. १४ तारखेला फोनवर मी 'आम्ही' म्हणालो, तेव्हा घरात मी एकटा होतो.

श्रीधर म. लघाटे