दाराच्या फाइलचं सोवळं

प्रिय चिदानंद,

म्हैसूरला मजेत असशील. इथे बंगळुरात मी तुझी पुण्याई निस्तरते आहे. लिफ्टचा नवा प्रोग्रॅम सोमवारी हुबळीच्या एका रुग्णालयात बसायचा आहे आणि मी सही करत नाही. त्यामुळे माझ्या डब्यातलं चित्रान्नही हल्ली कुणी मागत नाही.

आपला संसार तुला ठाऊकच आहे. प्रोग्रॅमच्या साठेक फाइली, प्रत्येकीची चूल वेगळी. कंपायलर बिचारा आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवताना शंका विचारतो. ज्याला त्या नकोशा झाल्या, त्याने आपल्या फाइलपुरतं त्याचं तोंड बांधलेलं. मी तीन महिने खपून सगळ्यांच्या सेटिंग एका जागी आणल्या, नियम एक केला. मुरलीधर सर म्हणाले, "छान हो वनजा, पण दाराच्या फाइलला हात लावू नका. ती चिदानंदची." आयुधपूजेला आपण मशीनला एक दिवस कुंकू लावतो, तुझ्या फाइलला बारा महिने सोवळं!

मी लावला हात, तिलाही नवा नियम दिला. चाचणीच्या लिफ्टची वीज घालवून परत आणली, तर दार मध्ये ठेवलेल्या खुर्चीवर धाडकन मिटलं. झालं! "मॅडम, तुमच्या सेटिंगनं चांगलं दार बिघडवलं की हो," इति नव्याश्री, नोकरीला सहा महिने. सर म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय ना? जुनी सेटिंग घाला परत. काही होत नाही." हे 'काही होत नाही' मी तुझ्याकडूनही ऐकलं होतं, तुझ्या आईंना पहिल्यांदा भेटायला निघाले तेव्हा. जाऊ दे.

कंपायलरची शंका एवढीच होती: दारात कुणी आहे का, हे तपासायच्या आधीच तुझी फाइल त्याचं उत्तर वाचते. जुन्या सेटिंगमध्ये उत्तराच्या जागी नशिबाने 'आहे' सापडायचं, म्हणून दार थांबायचं. चूक पहिल्यापासून होती. जुनी सेटिंग ती फक्त झाकते, आणि उद्या कुणी शेजारी एक ओळ वाढवली की पुन्हा उघडी पडेल. तेव्हा दारात खुर्ची नसेल, स्ट्रेचर असेल.

सोमवारी सकाळी सर तुला फोन करणार आहेत. तू 'चालेल' म्हणालास की माझ्या सहीवाचून प्रोग्रॅम हुबळीला जाईल, असं ठरलंय. म्हणून हे पत्र. मी बोलले तर ते वनजाचं जुनं दुखणं ठरतं. तू बोललास तर दुरुस्ती होते. आपल्यात जे राहून गेलं त्याचा हिशेब मी मागत नाहीये. फोनवर एवढंच म्हण, "माझं चुकलंय, थांबवा." बाकीचं मी करीन.

अजून तुझ्यावर चिडलेली, म्हणजे तुझीच,
वनजा