डबा आज जड लागतोय

आबा, डबा भरलेला असताना तुम्ही तो स्कूटरच्या टाकीत का ओतला नाहीत, हे बारामतीपासून इंदापूरपर्यंत एकट्या मला माहीत आहे. तीस वर्षं होत आली. ज्या लिंबाखाली तुम्ही बसलेले सापडलात त्या जागेबद्दल लोक आता काहीबाही बोलतात, आणि ते कानावर आलं की मी अर्धा चहा तसाच टाकून उठते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तुम्ही तोंडावर वेड्यात काढायचात. त्याच तुमच्यावर आज भूत व्हायची वेळ आली आहे आणि ती माझ्यामुळे आली आहे.

तुमचं काम वजनकाटे दुरुस्तीचं. घरात पितळी वजनं पुसून ओळीनं मांडलेली असायची. त्यांना बोट लावलं तरी तुम्ही ओरडायचात, बोटाच्या घामानंसुद्धा माप चुकतं म्हणून. कळस, इंदापूर आणि मधली सगळी वाड्यावस्त्यांवरची किराणा दुकानं तुमच्याकडे होती. वाटेत पंप नव्हता, आणि इंदापुरात पोचलात तरी पेट्रोल मिळेलच असं नसायचं, म्हणून तुम्ही जादा पेट्रोल बरोबर बाळगायचात. पण त्याचे तुमचे कायदे किती! डबा पत्र्याचाच हवा, प्लास्टिकचा कॅन उन्हात फुगतो. झाकण आट्याचं, आत रबरी वायसर. काठोकाठ भरायचा नाही, वर चार बोटं जागा सोडायची, कारण पेट्रोलला उन्हात अंग पसरायला जागा लागते. डिकीत कोंडायचा नाही, गोणपाटात गुंडाळून पाय ठेवायच्या जागी उभा बांधायचा. आणि ओतण्याआधी इंजिन बंद करून शंभर आकडे मोजायचे, डबा जमिनीवर ठेवायचा, झाकण हळूहळू फिरवून आतली वाफ सोडायची आणि वास घ्यायचा. वास घेतल्याशिवाय तुम्ही एक थेंब टाकीत जाऊ दिला नाहीत. शेजारचे हसायचे. तुम्ही म्हणायचात, "हसू द्या, आमी जळून मरायचो न्हाय."

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा तो डबा उचलून स्वयंपाकघरात नेला होता. आई स्टोव्हला पंप मारत होती. तुम्ही मोरीतून ओल्या अंगानं धावत आलात, डबा हिसकावून अंगणात नेऊन ठेवलात, आणि परत येऊन माझ्या कानाखाली वाजवलीत. आयुष्यात एकदाच. मग माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणालात, "पुन्यांदा ह्याला हात लावलास तर मी तुझा बाप न्हाय." तुमच्या अंगावर अजून साबण होता, हे मला कितीतरी वर्षांनी आठवलं. तेव्हा फक्त गाल आठवत होता.

पुढच्या दोन-तीन वर्षांतच तुम्ही मला सायकल घेऊन दिलीत. जुनी होती, पण तुम्ही स्वतः रंगवलेली. तिची साखळी करकरायची. सायकलच्या दुकानातला माणूस साखळ्या पेट्रोलनं धुतो हे मी पाहिलं होतं, आणि तुमची भेट नव्यासारखी करून तुम्हाला चकित करायचं माझ्या मनात होतं. मे महिना होता. तुम्ही जेवून पडला होतात. मी कोनाड्यातला डबा काढला, वाटीत थोडं ओतलं, साखळी धुतली, आणि उठताना माझ्याच पायानं डबा लवंडला. उचलेपर्यंत निम्मं पेट्रोल मातीनं पिऊन टाकलं होतं. मला गाल आठवला, आणि तुमचं ते वाक्यही. आत रेशनच्या रॉकेलचा कॅन होता. रॉकेल निळं, आणि तुमचं ऑइल मिसळलेलं पेट्रोलही निळसरच दिसायचं. रंग सारखा म्हणजे जिन्नस सारखा, अशी माझी अक्कल. मी वर चार बोटं जागा सोडून डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि तो होता तसा कोनाड्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही निघालात. डबा उचलून गोणपाटात गुंडाळायला घेतलात आणि थांबलात. एकदा या हातात, एकदा त्या हातात घेऊन पाहिलात. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड असतं हे मला पुढे शाळेत कळलं. तुमच्या हाताला ते आधीच कळलं होतं. "डबा आज जड लागतोय," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे पाहिलंत. सहज पाहिलंत की विचारायला पाहिलंत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सायकल पुसत होते. मी म्हटलं, "काल तुमीच भरला आसंल जास्ती." तुम्ही हसलात, डबा बांधलात आणि गेलात. तुम्ही कधीच जास्ती भरत नव्हतात, आबा. हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला आई आणि मी जेवायला बसलो होतो. बाहेर स्कूटरला कीक मारल्याचा आवाज आला. तीनदा. इंजिन लागत नव्हतं. मग स्कूटर एका बाजूला कलती केल्यावर टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल हलतं तो आवाज, आणि पुन्हा तीन कीक. आई म्हणाली, "आलं वाटतं. आज लवकर कसं?" मी दार उघडलं. गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्यांची शेळी पडवीत उभी होती आणि आपल्या उंबऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघत होती. माझ्या पाठीमागं येऊन आईही बघत राहिली. कीकचा आवाज अजून येत होता, तिथूनच, हातभर अंतरावरून. मग थांबला. त्याच्यानंतर झाकण फिरवल्याची करकर ऐकू आली, आणि ती मात्र आईला ऐकू आली नाही.

संध्याकाळी ट्रॅक्टरवाला सांगायला आला. कळसच्या अलीकडं, माळावर, लिंबाच्या बुंध्याला टेकून तुम्ही बसला होतात. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, आणि हृदय आधीच थकलेलं असणार. पण ट्रॅक्टरवाल्याचं समाधान होईना. "टाकी कोरडी आन् डबा भरल्याला. दोन्ही पायांत धरून बसल्यालं, झाकण गच्च. वाटंवरचा चकवा हो, दुसरं काय? मानसाला समोरचं दिसू देत न्हाय." मी दाराआड उभी होते. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? तुम्ही परत आला नसतात, पण निदान चकव्याच्या नावावर गेला नसतात. आईनं ते बोलणं धरून ठेवलं. ती दर वर्षी त्या लिंबाखाली दहीभात ठेवून येते. गुडघे गेलेत तरी मला घेऊन चल म्हणते. मी रिक्षा करून देते, बरोबर जात नाही.

आता माझी नोकरी इंदापूरला आहे. मीही स्कूटरच चालवते आणि त्याच रस्त्यानं जाते. मागच्या उन्हाळ्यात कळसच्या एका टपरीवर चहाला थांबले. चहावाल्या मावशी मला ओळखत नाहीत. म्हणाल्या, "बाई, भर दुपारी त्या लिंबापाशी थांबू नका."

"का, काय आहे तिथं?"

"डबा घिऊन एक जण हुबा ऱ्हातोय. पैका मागत न्हाय, पेट्रोल मागत न्हाय. झाकण उघडून डबा म्होरं धरतोय आन् इचारतोय, वास घिऊन सांगा, ह्यात काय हाय?"

कप माझ्या हातातच राहिला. चकव्याची गोष्ट सगळ्या तालुक्यानं रचली असेल. पण डब्यात काय आहे हा प्रश्न पडायला हवा असं कुणालाच माहीत नव्हतं, आबा. कुणालाच. मी विचारलं, लोक काय उत्तर देतात? "कोण थांबतंय उत्तर द्यायला!" त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी थांबले. दोन वाजत आले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिन बंद केलं आणि सवयीनं आकडे मोजायला लागले. सत्तरच्या पुढं कुठंतरी माझ्या डाव्या बाजूला आट्याचं झाकण हळूहळू फिरायला लागलं, वाफ सुटली, आणि रॉकेलचा वास आला. आपल्या स्वयंपाकघरातला. मला एक शब्द बोलायचा होता. इतकी मोठी झाले, घरात-ऑफिसात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, आणि तो एक शब्द तोंडातून निघेना. मला तुमच्या भुताची भीती वाटली नाही. उत्तर ऐकून तुम्ही माझ्याकडे कसे पाहाल, त्याची वाटली. मी सेल्फ मारला आणि पळून आले.

परवा माळ्यावरून तो डबा खाली काढला. आईनं तेव्हापासून तो कुणाला उघडू दिलेला नाही. इतक्या वर्षांत निम्मा तरी उडून जायला हवा होता. एकदा या हातात घेतला, एकदा त्या हातात. जड लागला.

हे पत्र मी त्याच्याखाली ठेवते आहे, पाठवायचं तरी कुठं? झाकण उघडलेलं नाही. वास न घेताच सांगते, आबा. निम्मं पेट्रोल आहे, निम्मं रॉकेल, आणि वर चार बोटं जागा सोडली आहे.