आण्णांच्या वीणेऐवजी

२ नोव्हेंबर २०२५, नांदूरघाट
या महिन्यात आण्णांना जाऊन वर्ष होईल. घरी भजन ठेवलं आहे. मी दुःखातून पूर्ण सावरलो आहे. प्रश्न फक्त वीणेचा. पणजोबांपासूनची ती वीणा आण्णांनी जन्मभर भजनात गळ्यात घातली. परवा पुसायला ओट्यावर ठेवली, तर शेळीनं उडी मारून भोपळा फोडला. चूक शेळीची.

५ नोव्हेंबर
नवी वीणा आवाक्यात नाही. घरीच करणार. वेलावरचा भोपळा पत्र्यावर वाळत ठेवला.

६ नोव्हेंबर
बायकोनं त्याच भोपळ्याची भाजी केली. निषेध म्हणून जेवलो नाही. रात्री थोडी खाल्ली. बरी होती.

९ नोव्हेंबर
भजनी मंडळाचे अर्जुनराव मंदिराची वीणा आणतो म्हणाले. नको म्हणालो. आण्णांच्या जागी उसनी वीणा शोभत नाही. मोबाईलवरून युकुलेले मागवलं, छोट्या गिटारीसारखं असतं. चार तारा. आण्णांच्या वीणेलाही चारच. फरक फक्त आकाराचा.

१४ नोव्हेंबर
केजला जाऊन पार्सल आणलं. रंग आकाशी. पाठीवर डॉल्फिन. मत्स्यावतार समजायला हरकत नाही. उद्यापासून रियाज.

१५ नोव्हेंबर
थंडी फार. रियाज उद्यापासून.

२३ नोव्हेंबर, दुपार
एका हातानं लिहितो आहे, दुसऱ्यात हळदकुंकू लावलेलं युकुलेले. अर्जुनराव मंदिराची वीणा घेऊनच आले. भजनात वीणा खाली टेकवायची नाही. दुसऱ्यानं पाया पडून घेतली तरच सुटका. त्यांची वीणा या गळ्यातून त्या गळ्यात फिरते आहे. माझी कुणी घेत नाही. चुलतभाऊ लखनला खुणावलं, तर म्हणाला, ते खेळणं ठेव की बे खाली. ठेवलं नाही. ठेवलं तर ती वीणा नव्हती, हे मीच कबूल केल्यासारखं होईल.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
भजन संपलं. पंगत उठली. मी कोपऱ्यात उभाच. शेवटी आई आली. आण्णांच्या हयातीत तिनं वीणेला कधी हात लावला नव्हता. पदर सावरून डॉल्फिनच्या पाया पडली आणि युकुलेले हातात घेतलं.
“जा, जेवून घे,” म्हणाली. “त्यांचीबी अशीच वाट बघायचे मी. कुनी घेतल्याबिगर जेवायला येत न्हवते.”
जेवताना डोळ्यांत पाणी आलं. आमटी तिखट होती.

२४ नोव्हेंबर
युकुलेले परत करायला फोन केला. हळदकुंकू लागलेला माल घेत नाहीत म्हणाले. आईनं ते आण्णांच्या खुंटीला अडकवलं आहे.
शेळी मागच्या अंगणात बांधली.